पेटी आणि फटफटी

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी एक फटफटी विकत घेतली. यामाहा आर. एक्स. १००, जन्मसाल १९८९. शेजारच्या मुलांनी तिला लगेच ‘विंटेज’ ही पदवी देऊन टाकली. पण २०२१ च्या सरकारी नियमाप्रमाणे पन्नाशी उलटल्याखेरीज गाडीला तो मान मिळत नाही. तेव्हा ती नुसतीच जुनी. मीही चाळिशी ओलांडलेला, मॅट्रिक झालेला चित्रकलेचा मास्तर. अधूनमधून कादंबऱ्या लिहितो, एवढाच काय तो गुन्हा. जोडा छान जमला, असे आमच्या घरातून मत पडले.

जुनी गाडी घेणे हे स्थळ पाहण्यासारखेच असते. पहिली पाहिली ती आरशासारखी चकचकीत. पण वाकून पाहतो तो इंजिनावरचा नंबर कानशीने घासलेला. नमस्कार करून परत फिरलो. दुसरी एका निवृत्त गृहस्थांच्या गोठ्यात पोत्यांखाली सापडली. मडगार्ड गंजलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली. पण इंजिन आणि चेसिस यांचे नंबर आर. सी. बुकाशी तंतोतंत जुळत होते आणि मालक स्वतः सही करायला हजर होते. रंग मागाहून देता येतो; नंबर देता येत नाहीत. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला फेरनोंदणी आणि पर्यावरण कर चुकत नाहीत. पण त्याआधी ती चालायला तर हवी!

ती चालेना. वीस-वीस किका मारून पाय भरून आला. शेवटी ढकलत मिस्त्रीकडे नेली. त्याने कार्बोरेटर सोडवला, आतून एक लहानसा ठोकळा काढला आणि म्हणाला, “मास्तर, रीड गेलीय.”

“रीड? ती तर पेटीत असते!”

मिस्त्री हसला. त्याने तो ठोकळा उजेडासमोर धरला. त्यावर पातळ पोलादी पाकळ्या होत्या. पिस्टन वर गेला की खालच्या पोकळीत ओढ निर्माण होते, पाकळ्या उघडतात आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते. पिस्टन खाली आला की त्या मिटतात आणि घेतलेला घास बाहेर पडत नाही. आमच्या गाडीची एक पाकळी नीट मिटत नव्हती. केसाएवढ्या फटीतून उजेड दिसत होता. तेवढ्या फटीने माझा जीव काढला होता.

पाकळी बदलली, गाडी सुरू झाली. पण ‘रीड’ हा शब्द काही डोक्यातून जाईना. म्हणून या यामाहाचे घराणे शोधू लागलो आणि थेट एका प्राथमिक शाळेत जाऊन पोचलो.

जपानातल्या हामामात्सु या गावची ती शाळा. साल १८८७. शाळेतला अमेरिकन बनावटीचा ऑर्गन, म्हणजे आपल्या पेटीचा थोरला भाऊ, बिघडला. दुरुस्तीला बोलावले तोराकुसु यामाहा यांना. हे गृहस्थ घड्याळे आणि वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणारे. संगीताशी संबंध नाही. त्यांनी ऑर्गन उघडला, दुरुस्त केला आणि आतली रचना पाहून मनाशी ठरवले की, असा आपणही करू शकतो. केलाही! मग एका सोबत्याबरोबर तो कावडीसारखा काठीला टांगून, हाकोनेचा घाट चालत ओलांडून, तोक्योच्या संगीत संस्थेत नेला. तज्ज्ञांनी वाजवून पाहिला आणि निकाल दिला : बांधणी ठीक, सूर चुकलेले. म्हणजे नापास. तेव्हा छत्तिशीच्या घरातला हा माणूस महिनाभर तिथेच विद्यार्थी होऊन बसला, स्वरशास्त्र शिकला, परत आला आणि दुसरा ऑर्गन केला. तो उत्तीर्ण झाला.

१८९७ मध्ये त्यांची निप्पोन गाक्की ही वाद्यांची कंपनी निघाली. पुढे महायुद्धात याच कारखान्यात विमानांचे पंखे बनले. युद्ध संपले, यंत्रे रिकामी पडली. त्या यंत्रांना काम म्हणून गेनइची कावाकामी या अध्यक्षांच्या काळात, एका जर्मन गाडीवरून धडा घेत, १९५५ मध्ये १२५ सीसीची पहिली मोटारसायकल तयार झाली. तिचे लाडके नाव ‘लाल चतुर’. त्याच जुलैत यामाहा मोटर ही वेगळी कंपनी झाली आणि त्याच महिन्यात या गाडीने फूजी पर्वताच्या चढणीची शर्यत आपल्या गटात जिंकली. माझ्या टाकीवरच्या चिन्हात आजही तीन स्वरकाटे आहेत. भारतात आर. एक्स. १०० आली ती १९८५ मध्ये, एस्कॉर्ट्स कंपनीच्या हातून.

इंजिनातली रीड ऑर्गनमधून आली, असे मात्र मी म्हणणार नाही; तशा पाकळ्या इतरांच्या इंजिनांतही असतात. तो योगायोग. योगायोग नव्हे ती गोष्ट निराळीच. याच हामामात्सुत मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये मागांचा कारखाना काढला आणि १९४६ मध्ये सोइचिरो होंडा यांनी लष्कराची टाकून दिलेली छोटी इंजिने सायकलींना जोडली. एका गावात तीन घराणी! जे हाताशी पडले आहे ते उघडून पाहायचे, हीच तिघांची शाळा.

आपल्याकडे मिरज काय वेगळे आहे? हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले आणि गावाचे नाव सुरांशी जोडले गेले.

जुने ते सगळेच जपावे, असे मात्र नाही. माझी गाडी पेट्रोलबरोबर ऑइलही जाळते आणि मागे निळा धूर सोडते. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ते योग्यच झाले. मी तिला फक्त रविवारी काढतो.

पण एक कबुली द्यायची आहे. आमच्या शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात निर्लेखनाची, म्हणजे भंगारात काढायच्या वस्तूंची, यादी मीच केली होती. सातव्या ओळीत होते : ‘हार्मोनियम, नग एक, निरुपयोगी.’ खाली माझी सही. ती पेटी मी एकदाही उघडून पाहिली नव्हती! फटफटीवर बांधून ती मिरजेला नेली. भाता फाटलेला, तीन सूर मुके. पंधरा दिवसांनी परत आणली. एक काळी पट्टी अजून घोगरी आहे. पण सकाळची प्रार्थना पेटीवर होते.

सातवी ओळ मी स्वतः खोडली. रजिस्टरात खाडाखोड केल्याबद्दल मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला आहे. हा लेखच जोडून द्यावा म्हणतो.