मोरा-उरण किनाऱ्यावरील द्विपुट मृदुकाय प्राणी : आहार व प्रजनन यांच्या अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना :
मोरा हे उरणचे जुने बंदर होय. मिठागरे व मद्यनिर्मिती यांसाठी एकोणिसाव्या शतकात उरणची ख्याती होती. मात्र खाजणातील कालवे, तिसऱ्या व खुबे यांवर जगणाऱ्या कोळी कुटुंबांची नोंद इतिहासात अभावानेच आढळते. प्रस्तुत लेखात या जीवांच्या अभ्यासाचा आढावा घेतला आहे.

अभ्यासाचे टप्पे :
एच. एस. राय यांनी १९३२ मध्ये मुंबई इलाख्यातील शिंपल्यांच्या व्यवसायाचा आढावा प्रसिद्ध केला. तेव्हा शिंपल्यांकडे मुख्यतः उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले जात होते. १९६० च्या दशकात डी. व्ही. बाळ व व्ही. एस. दुर्वे यांनी केळवे येथील कालवांची रासायनिक घडण, पाणी गाळण्याचा वेग व जननग्रंथींतील ऋतुमानानुसार होणारे बदल अभ्यासले. पुढे आर. नागभूषणम् व यू. एच. माने यांनी रत्नागिरीच्या हिरव्या शिणाण्यांवर असेच संशोधन केले. मोऱ्याच्या संदर्भातही या कार्याचे महत्त्व मोठे आहे.

आहार व प्रजनन :
द्विपुट प्राणी कल्ल्यांद्वारे पाणी गाळून त्यातील वनस्पतिप्लवक व सेंद्रिय कण ग्रहण करतात. विपुल अन्नाच्या काळात शरीरात ग्लायकोजेन साठते. जननग्रंथी पक्व होताना हा साठा खर्ची पडतो व अंड्यांतील मेद तयार होतो. म्हणजेच आजचे अन्न ही उद्याच्या पिढीची शिदोरी ठरते. पाण्यात गाळ वाढल्यास निरुपयोगी कण बाहेर टाकण्यातच शक्ती वेचली जाते. परिणामी अंड्यांची संख्या व प्रत घटू शकते.

बदललेला किनारा :
१९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्यानंतर भराव व गाळउपसा यांमुळे खाजणांचे स्वरूप पालटले. ७ ऑगस्ट २०१० रोजी एम. एस. सी. चित्रा व खलिजिया या जहाजांच्या टकरीनंतर सांडलेले तेल उरणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. केळव्याच्या कालवांत अंडमोचन पावसाळ्याच्या सुमारास होते, हे लक्षात घेता या घटनेचा ऋतूही विचारात घ्यावा लागतो.

निष्कर्ष :
शिंपल्याचे मांस सर्वाधिक भरलेले असते ते बहुधा अंडमोचनापूर्वी. बाजारात मागणीही अशाच मालाला असते. त्यामुळे अतिवेचणीने भावी पिढीच नष्ट होण्याचा धोका संभवतो. तथापि, केवळ वेचणाऱ्या स्त्रियांवर निर्बंध घालणे न्याय्य ठरणार नाही. ज्या पाण्यातून या जीवांना अन्न मिळते, ते पाणी राखणे हेच संवर्धनाचे पहिले पाऊल होय.