वत्सगुल्म (वाशिम)

वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी आणि प्राचीन विदर्भातील विद्येचे व काव्याचे गाजलेले केंद्र. आजचे वाशिम ते हेच. वऱ्हाडच्या बालाघाटात, म्हणजे दक्षिणेकडील पठारी भागात, अकोल्याहून नांदेडकडे जाणाऱ्या वाटेवर हे शहर वसले आहे. इंग्रजी अमलात ‘बासिम’ हा वेगळा जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला आणि वाशिम अकोला जिल्ह्यात गेले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्याचे विभाजन झाले आणि शहर पुन्हा जिल्ह्याचे ठाणे झाले.

पंधराशे वर्षांपूर्वीच्या या राजधानीचा राजवाडा किंवा तट शहरात फिरताना कुठे उभा दिसत नाही. तिच्याबद्दल जे कळते ते बहुतेक लिहिलेल्या मजकुरातून: तांब्याच्या पत्र्यांवर, गावकुसाबाहेरच्या खडकावर, अजिंठ्याच्या लेण्यात आणि काश्मीरपर्यंत पोचलेल्या पोथ्यांत.

नावाच्या कथा अनेक आहेत. स्थानिक माहात्म्याप्रमाणे वत्स ऋषींनी येथे तप केले आणि त्यांना वर द्यायला देवांचा समुदाय, म्हणजे ‘गुल्म’, जमला. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त वत्सगुल्मकांच्या रीतीरिवाजांचा उल्लेख येतो. त्यावरील ‘जयमंगला’ टीकेत वत्स आणि गुल्म हे दक्षिणापथातील दोन राजपुत्र असून त्यांनी वसवलेला प्रदेश तो वत्सगुल्म, असे सांगितले आहे. ‘कथासरित्सागरा’त हीच दोन नावे ‘बृहत्कथा’कार गुणाढ्याच्या मामांची आहेत.

या नगराला इतिहासात पक्की जागा मिळाली ती १९३९ साली वाशिमलाच सापडलेल्या ताम्रपटामुळे. त्याआधी वाकाटकांची मुख्य माहिती रामटेकजवळच्या नंदिवर्धन शाखेची होती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटकांची वंशावळ कोरलेली आहे, पण तिची काही अक्षरे झिजली असल्याने नावांचा मेळ बसत नव्हता. वाशिमच्या ताम्रपटात प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन आणि नातू विंध्यशक्ती अशी सरळ परंपरा मिळाली. तिच्या आधाराने वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख नव्याने वाचला आणि वाकाटकांची दुसरी शाखा स्पष्ट झाली. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवलेल्या मिराशींनी पुढे वाकाटकांचे सर्व लेख एकत्र संपादित केले. तो खंड १९६३ साली प्रसिद्ध झाला.

हा ताम्रपट विंध्यशक्तीच्या राज्यवर्ष ३७ मधला आहे. नांदीकट, म्हणजे आजचे नांदेड, याच्या उत्तरेकडील विभागातले एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची त्यात नोंद आहे. त्याची भाषा विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, तर दानाचा प्रत्यक्ष मजकूर, म्हणजे गाव कोणते, कोणाला आणि कोणत्या सवलतींसह, हा प्राकृतात. सातवाहनांच्या काळापासून दख्खनेत राज्यकारभाराची भाषा प्राकृत होती. चौथ्या शतकात तिची जागा संस्कृत घेऊ लागली. हा बदल ऐन भरात असतानाचा दस्तऐवज म्हणजे वाशिमचा ताम्रपट.

नंदिवर्धन शाखेची अशीच सनद अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळच्या चम्मक येथे मिळाली. प्रवरसेन दुसरा याने राज्यवर्ष १८ मध्ये भोजकट प्रदेशातील चर्मांक हे गाव १,००० ब्राह्मणांना दिले. जमिनीचे माप ८,००० भूमी असे दिले आहे. दान मात्र बिनशर्त नाही. दान घेणाऱ्यांनी राजद्रोह करायचा नाही, चोरी, व्यभिचार, ब्रह्महत्या किंवा राजाला विषप्रयोग करायचा नाही, युद्ध करायचे नाही आणि दुसऱ्या गावांना उपद्रव द्यायचा नाही. या अटी पाळल्या तरच चंद्रसूर्य असेपर्यंत गाव त्यांचे. शेवटी दान हिरावणाऱ्याला नरकाची भीती घातली आहे.   

वत्सगुल्म शाखेत सर्वसेन, विंध्यशक्ती (अजिंठ्याच्या लेखात विंध्यसेन), प्रवरसेन, देवसेन आणि हरिषेण हे प्रमुख राजे झाले. त्यांचा काळ साधारण इ. स. ३३० ते पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा. यांतील एक तारीख थेट शकवर्षात मिळते. वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा गावी देवसेनाच्या काळातला शिलालेख आहे. स्वामिल्लदेव नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ नावाचे तळे बांधवले, असे त्यात म्हटले आहे. काळ दिला आहे शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमाराचा. ‘शक’ असे नाव घेऊन वर्ष देणाऱ्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये याची गणना होते. बालाघाटच्या पठारावर पावसाचे पाणी अडवणे किती निकडीचे, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वाकाटकांच्या अधिकाऱ्यालाही ते सांगावे लागले नव्हते.

देवसेनाचा मुलगा हरिषेण हा या घराण्याचा सर्वांत प्रबळ राजा. अजिंठ्याचे सोळावे लेणे त्याचा सचिव वराहदेव याने खोदवून बौद्ध संघाला अर्पण केले. राजे वैदिक यज्ञांचा अभिमान सांगणारे, तर त्यांचा सचिव बौद्ध विहाराचा दाता. हरिषेणानंतर राज्य झपाट्याने कोसळले. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त अश्मकाच्या राजाच्या कारस्थानाने नाश पावलेल्या विलासी विदर्भराजाची गोष्ट आहे. तिच्यात या पडझडीची आठवण असावी, असे मिराशींसह अनेक अभ्यासकांनी मानले.

राज्य गेले तरी वत्सगुल्माचे नाव साहित्यशास्त्रात टिकले, आणि त्याचे श्रेय या शाखेचा संस्थापक सर्वसेन याच्याकडे जाते. पारिजातहरणाच्या कथेवर त्याने ‘हरिविजय’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात लिहिले. काव्य आज पूर्ण मिळत नाही. काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याची दखल घेतली. कुंतकाने सुकुमार शैलीचे नमुने म्हणून कालिदासाबरोबर सर्वसेनाचे नाव घेतले. भोज आणि हेमचंद्र यांच्या ग्रंथांतील अवतरणांतून त्याच्या काही ओळी वाचल्या. राजशेखराने तर ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्नच वत्सगुल्मात लावून दिले. त्याच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत नाटकात वैदर्भी रीतीचे नाव ‘वच्छोमी’ असे येते. हे वत्सगुल्मावरूनच पडलेले नाव.

ज्योतिषातही या नगराला मान होता. भास्कराचार्याने ‘करणकुतूहल’ या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी भूमीची मध्यरेखा ज्या ठिकाणांवरून नेली, त्यांत कांची, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांच्याबरोबर वत्सगुल्म आहे. वाशिमचे मध्यमेश्वर मंदिर याच परंपरेशी जोडले जाते. आजच्या मोजणीत वाशिम उज्जैनच्या पूर्वेला सव्वा अंशाहून थोडे अधिक भरते.  

आजच्या वाशिमची ओळख असलेले बालाजी मंदिर बरेच अलीकडचे. साबाजी भोसले यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधवले. शहरातील पद्मतीर्थ हे कुंड मात्र माहात्म्यात सांगितलेल्या जुन्या तीर्थांपैकी आहे. अकोला-पूर्णा लोहमार्गावर वाशिमचे स्थानक आहे. वत्सगुल्माच्या राजांचे वैभव डोळ्यांनी पाहायचे असेल, तर येथून अजिंठ्याला जाऊन वराहदेवाचे सोळावे लेणे पाहावे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर त्या राजांची वंशावळ आजही कोरलेली आहे.