औद्योगिक कामगारांचा ताण व मानसिक आरोग्य (अमेरिका)

ओहायो राज्यातील लॉर्ड्सटाउन येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९७०च्या दशकारंभी ताशी सुमारे १०० व्हेगा मोटारी जुळवल्या जात. एका गाडीसाठी कामगाराला मिळत जेमतेम ३६ सेकंद. तेवढ्यात बोल्ट आवळायचा, की पुढची गाडी समोर हजर. पाळी संपेपर्यंत हेच. लघवीला जायचे तरी बदली माणूस येईपर्यंत थांबावे लागे. व्यवस्थापनाने माणसे कमी करून उरलेल्यांवर कामाचा बोजा वाढवला, तेव्हा मार्च १९७२मध्ये तेथील कामगारांनी, ज्यांत बहुसंख्य तरुण होते, सुमारे तीन आठवडे संप केला. भांडण मुख्यतः पगाराचे नव्हते, कामाच्या वेगाचे होते.

या घुसमटीचा शास्त्रीय अभ्यास त्याआधीच झाला होता. मानसशास्त्रज्ञ आर्थर कॉर्नहाउझर यांनी डेट्रॉइटमधील मोटार कामगारांच्या ४००हून अधिक मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ १९६५मध्ये प्रसिद्ध केला. कुशल कामगारांच्या तुलनेत एकसुरी काम करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य खालावलेले आढळले. शिक्षण आणि बालपणीची परिस्थिती हिशेबात घेऊनही हा फरक उरलाच. दोष कामगाराच्या स्वभावाला देणे किती अन्यायाचे, हे त्यातून दिसते.

पुढे १९७९मध्ये रॉबर्ट कॅरासेक यांनी नेमके सूत्र मांडले : कामाचा रेटा मोठा आणि ते कसे करावे हे ठरवण्याची मुभा नाही, तेथे ताण सर्वाधिक.

१९७०च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य कायद्याखाली आवाज, धूळ, उघडी यंत्रे यांसाठी मानके ठरली. मानसिक ताणासाठी मात्र स्वतंत्र मानक नाही.