टांकसाळीची चूक की मागाहूनची इजा?



गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातील एका मुलाने रुमालाच्या गाठीत बांधून पाव आण्याचे एक नाणे आणले. एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा होता. दुसऱ्या बाजूस किंमत आणि साल असावयाचे. तेथेही बादशहाच, पण उलट्या दिशेस पाहणारा आणि आत दबलेला! टांकसाळीत चुकलेले हे दुर्मिळ नाणे आपण लाखाला घेऊ, असे कोणी दूरध्वनीवरून मुलाच्या आईस कळविले होते. मात्र आधी नोंदणीचे काही हजार रुपये धाडावयाचे होते. घरात मिळवते माणूस ती एकटीच. तिने पैसे काढूनही ठेवले होते.

नाणे कोठे चुकले हे जाणावयाचे, तर ते पडत कसे असे हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या शिवराईचेच घ्या. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवावयाची, वरचा ठसा हाताने धरावयाचा आणि त्यावर घण घालावयाचा. ठसा चकतीहून बहुधा मोठा असे. त्यामुळे एका शिवराईवर ‘श्री’ सापडत नाही, दुसरीवर ‘शिव’ अर्धेच उमटते, आणि पाठीवरचे ‘छत्रपति’ संपूर्ण दिसले तर संग्राहक हरखून जातो. अशी अपुरी अक्षरे ही चूक नव्हे, ती त्या कामाची रीतच होय. घण उसळून दुसऱ्यांदा बसला आणि अक्षरांवर अक्षरे चढली, तर ती खरी चूक.

जुन्या रुपयांवर बारीक खुणाही आढळतात. चांदीची पारख करताना सराफांनी मारलेले ते ठसे. टांकसाळीबाहेरचे म्हणून शास्त्राप्रमाणे ती इजाच. पण मला ती पुष्कळ चुकांहून मोलाची वाटते. तो रुपया किती संशयी हातांतून गेला, याची ती साक्ष आहे.

१८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेनांचा, म्हणजे एक तोळ्याचा, एकच रुपया आपल्या मुलखात चालू केला. यंत्राने पडणाऱ्या नाण्यांत घणाची ही मोकळीक उरली नाही. पण चुका उरल्या, फक्त त्यांची तऱ्हा बदलली. पत्र्यातून चकती कापताना ती आधीच्या भोकावर सरकली, तर काठाला चंद्रकोरीसारखी खाच पडते. अशा नाण्यावर खाचेच्या बरोबर समोरचा काठही पुष्कळदा फिका उठतो, कारण चकतीचा काठ वळवताना तेथे पुरेसा दाब मिळालेला नसतो. कानशीने खाच पाडणाऱ्याला हे साधत नाही. समोरचा काठ जसाच्या तसा उभा राहून त्याची चोरी उघड करतो.

भोकाचेही तसेच. १९४३ पासून पडलेला युद्धकाळातील पैसा मुळातच भोकाचा. त्याचे भोक बाजूस सरकले असेल तर दोष टांकसाळीचा. पण माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेला रुपया पाहा: भोकाच्या कडेची अक्षरे तुटलेली किंवा मुडपलेली दिसतात. अक्षरे आधी आणि भोक मागाहून, एवढे त्यावरून कळते. पारख सारी या क्रमाची आहे.

आता उलटा बादशहा. पडलेले नाणे कधी कधी ठशालाच चिकटून राहते. त्यावर पुढची चकती आली, की तिच्या एका अंगावर खऱ्या ठशाऐवजी चिकटलेल्या नाण्याचीच उलटी, खोलगट छाप उठते. खालची चकती कोरी असल्यामुळे त्या छापेखाली दुसरे काही नसते, आणि दुसरे अंग स्वच्छ उमटते. दोन तयार नाणी शेगड्यात घालून आवळली, तरी असाच उलटा मुखवटा निघतो. मात्र मूळची अक्षरे चेपून त्याखाली राहतात.

भिंग घेऊन मी ते नाणे खिडकीशी तिरपे धरले. बादशहाच्या दबलेल्या मानेखाली सालाचे दोन आकडे अंधुक दिसत होते. सुलट्या बादशहाचा गालही चपटा झाला होता.

संध्याकाळी मुलाच्या घरी गेलो. जुनी नाणी विकण्याच्या नावाखाली शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच जाहीर केल्याचे मी सांगितले. मग भिंगाखालचे आकडे दाखविले. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांचे सासरे कारखान्यात फिटर होते, शेगड्यावर काम करीत.

“म्हणजे हा आमच्या मामंजींचा उद्योग म्हणायचा, गुरुजी!” त्या म्हणाल्या, आणि काढून ठेवलेले पैसे त्यांनी पुन्हा डब्यात टाकले.