चौदा इंजेक्शने आणि आत्मप्रतिरक्षेचा इतिहास

पिसाळलेला कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही समजूत महाराष्ट्रातील इतर गावांप्रमाणे वेण्णाकाठच्या मेढ्यासही जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. ह्या इंजेक्शनांतील द्रव्य मेंढीच्या मेंदूपासून तयार होई. अलर्क रोगाच्या विषाणूंनी बाधित झालेला मेंदू वाटून त्यातील विषाणू कार्बॉलिक अम्लाने मारण्याची ही कृती डेव्हिड सेम्पल ह्यांनी कसौली येथे सिद्ध केली व १९११ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ती लस तयार होत असे. तिने असंख्य प्राण वाचविले ह्यात संशय नाही. परंतु टोचून घेतलेल्यांपैकी काही थोड्यांना पुढे पायांतील शक्ती जाणे, लघवी अडणे, क्वचित मृत्यू, असे विकार जडत.

प्रथम संशय विषाणूवर गेला, आणि तो स्वाभाविकच होता. अशा घटना पाश्चरच्या मूळ लसीनंतरही नोंदल्या गेल्या होत्या. परंतु १९३३ व १९३५ मध्ये टॉमस रिव्हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना सशाचा निरोगी मेंदू वारंवार टोचला, तेव्हा विषाणूचा लवलेश नसतानाही मेंदूदाह उद्भवला. दोष मेंदूच्या ऊतकाचाच होता. मज्जातंतूंवरील मायेलिन हे आवरण मेंढीत व माणसात पुष्कळसे सारखे असते. परक्या मायेलिनाने चेतलेली प्रतिरक्षा स्वतःच्या मायेलिनावर उलटते. १९६० मध्ये फिलिप पॅटर्सन ह्यांनी रोगी उंदरांच्या लसीका ग्रंथींतील कोशिका निरोगी उंदरांत घालून त्यांनाही तोच रोग आणला. हल्ला करणाऱ्या कोशिका अशा रीतीने हाती आल्या.

येथे पाउल एर्लिख ह्यांचे स्मरण होते. शरीर स्वतःविरुद्ध विष निर्माण करण्याचे टाळते, हे त्यांचे विसाव्या शतकाच्या आरंभीचे मत पुढील अभ्यासकांनी 'असे घडणे अशक्य' ह्या अर्थाने घेतले. वस्तुतः एर्लिख ह्यांनी ते टाळणाऱ्या यंत्रणेचाही निर्देश केला होता. तिकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले.

खरा प्रश्न निराळाच होता. लस सर्वांना तीच, मायेलिन सर्वांचे तेच. मग बहुसंख्य सुरक्षित का राहिले? ह्याचे एक बोलके उत्तर १९९४ मध्ये मिळाले. लाफाय व सहकाऱ्यांनी मायेलिनावर रोख असलेल्या टी कोशिका बाळगणारे उंदीर जन्मास घातले. ज्यांच्यात इतर लसीका कोशिकाही होत्या, त्यांतील बहुतेक निरोगी राहिले. ज्यांच्यात त्या नव्हत्या, ते सर्व आजारी पडले. स्वतःवर उठणाऱ्या कोशिका निरोगी शरीरातही असतात, दुसऱ्या कोशिका त्यांना आवरतात. शिमोन साकागुची ह्यांनी १९९५ मध्ये अशा नियामक टी कोशिकांची ओळख पटविली. पुढे त्यांचे कार्य फॉक्सपी३ ह्या जनुकावर अवलंबून असल्याचे दिसले. ह्या संशोधनास २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकेका लसग्रस्त रुग्णात नेमके काय बिघडले, हे मात्र ह्यावरून सांगता येत नाही.

मेंदूविरहित, कोशिकासंवर्धनाने तयार केलेली लस १९७० नंतरच्या दशकात जगात उपलब्ध झाली. ती महाग होती. ज्यास परवडे तो ती विकत घेई. सरकारी दवाखान्यावर विसंबणाऱ्या खेडुतास मेंढीच्या मेंदूचीच लस मिळे, आणि अलर्क रोगाचा मृत्यू निश्चित असल्याने तिचा धोका पत्करण्यावाचून त्यास गत्यंतर नसे. भारतात तिचे उत्पादन डिसेंबर २००४ मध्ये थांबले.