एल्वा नदीचे मासे

पस्तीस वर्षें मीं शाळेंत भूगोल शिकविला. नकाशावर नदी निळ्या रेघेनें काढावयाची, धरण काळ्या आडव्या रेघेनें दाखवावयाचें, आणि त्या काळ्या रेघेचे लाभ मुलांकडून पाठ करून घ्यावयाचे, हा माझा परिपाठ. त्या रेघेच्या खालच्या अंगास कोणाची चूल विझली, हें विचारण्याचें मला कधीं सुचलें नाहीं.

आज ज्या नदीची हकीकत सांगावयाची आहे, ती अमेरिकेच्या वायव्य टोंकाशीं, वॉशिंग्टन राज्यांत, ऑलिंपिक पर्वतांत उगम पावून उत्तरेस समुद्राला मिळते. नांव एल्वा, लांबी अवघी ४५ मैल. सॅमन मासा गोड्या पाण्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो, आणि अंडीं घालण्यासाठीं पुन्हां जन्मनदींत येतो. पॅसिफिक किनाऱ्यावरील त्याच्या पांचही जाती या नदींत येत. अंडीं घातल्यावर ते मासे तेथेंच मरतात, आणि त्यांच्या देहांवर अस्वलें, पक्षी, कांठचीं झाडेंसुद्धां पोसलीं जातात. समुद्राचें सत्त्व रानाला पोंचविणारा हा हमालच म्हणाना!

नदीच्या मुखाशीं क्लॅलम लोकांची वस्ती. १८५५ सालच्या तहांत त्यांनीं आपली भूमि सरकारला दिली; नेहमींच्या ठिकाणीं मासे धरण्याचा हक्क मात्र राखून ठेवला. पुढें १९१० सालीं मुखापासून पांच मैलांवर एल्वा धरणाचें काम सुरू झालें. माशांना वर जाण्यास वाट ठेवलीच पाहिजे, असा राज्याचा कायदा १८९० पासून होता. ती वाट ठेवली गेली नाहीं. १९१२ च्या ऑक्टोबरअखेर धरणाचा पायाच फुटला व खालच्या वस्तींत पूर शिरला; भगदाड बुजवून दुसऱ्या वर्षीं धरण पुरें केलें. वाटेऐवजीं मासे उबविण्याचें केंद्र चालेल, अशी पळवाट अधिकाऱ्यांनीं काढिली, आणि तें केंद्रही १९२२ सालीं बंद पडलें. १९२७ सालीं आणखी वर ग्लाइन्स कॅन्यन हें २१० फूट उंचीचें दुसरें धरण उभें राहिलें. पोर्ट एंजल्स गांवाला वीज मिळाली, कागदाच्या गिरणीला काम मिळालें, हें खोटें नाहीं. परंतु ७० मैलांहून अधिक प्रवाह माशांना मिटला, आणि क्लॅलमांच्या उत्पत्तिकथेंतील पवित्र खडक जलाशयाखालीं गेला. कायदा मोडणारे सुखांत राहिले. तहाच्या आधारें मासे धरणाऱ्या आदिवासींना मात्र त्या राज्यांत अटक होऊं लागली!

१९७४ सालीं न्यायाधीश बोल्ट यांनीं, तह करणाऱ्या जमातींना निम्म्या माशांपर्यंत वांटा आहे, असा निर्णय दिला. पण नदींत मासेच नसतील, तर त्या वांट्याचें करावयाचें काय? म्हणून १९८६ सालीं क्लॅलम जमात धरणांच्या परवान्याच्या प्रकरणांत स्वतः पक्षकार झाली. निसर्गरक्षक संस्थांनींही तिला साथ दिली. १९९२ सालीं अमेरिकन काँग्रेसनें नदी पूर्ववत् करण्याचा कायदा केला. तथापि पहिला घाव पडण्यास २०११ चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळांत हे लोक हात बांधून बसले नव्हते. खालच्या पात्रांत मोठमोठे ओंडके रचून त्यांनीं माशांसाठीं सांवलीचे, खोल डोह तयार केले.

एल्वा धरण २०१२ सालीं गेलें, ग्लाइन्स कॅन्यन २०१४ सालीं. जलाशय ओसरतांच पवित्र खडक उघडा पडला. शतकभर अडकलेला गाळ वाहून मुखाशीं नवा वाळवंटी किनारा झाला. उघड्या पडलेल्या तळावर जमातीनें व राष्ट्रीय उद्यानानें मिळून देशी झाडें लाविलीं. सॅमन जुन्या धरणांच्या जागा ओलांडून वर चढूं लागले. तरीही मासेमारी बंदच ठेविली होती. ती २०२३ च्या ऑक्टोबरांत, कोहो जातीपुरती आणि मोजक्याच माशांपुरती, क्लॅलमांसाठीं उघडली. सर्वांत मोठा जो किंग सॅमन, त्याला त्यांनीं त्या वर्षीं हात लाविला नाहीं.