पगारी फुटबॉलपटूचें जिणें

पैसे घेऊन फुटबॉल खेळणें इंग्लंडांत १८८५ सालीं नियमांत बसलें. खेळाडू उजळ माथ्यानें वेतन घेऊं लागला, पण पुढें तो बांधलाहि गेला. १९०१ पासून आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन देण्यास क्लबांना मनाई झाली. करार संपला तरी क्लबानें नांव राखून ठेवल्यास खेळाडूला लीगमधील दुसरा क्लब गांठतां येत नसे. पुढें मर्यादा वाढत गेली. परंतु उन्हाळ्यांत सामने थांबले कीं वेतनहि उतरे.

अशा माणसाच्या मनांत उद्यांची धास्ती सदैव असावयाचीच. प्रेस्टनच्या टॉम फिनीला क्लबाचें बोलावणें आलें, तेव्हां वडिलांनीं आधीं नळ बसविण्याचें काम पुरतें शिकून घेण्याचा आग्रह धरला. गुडघा एकदां निखळला कीं टाळ्यांनीं पोट भरत नाहीं! फिनी इंग्लंडकडून ७६ सामने खेळला, तरी नळांचा धंदा त्यानें सोडला नाहीं. १९५२ सालीं सिसिलींतील पालेर्मो क्लबानें त्याला मोठी रक्कम देऊं केली. प्रेस्टननें नकार दिला, आणि तो राहिला. त्याच्या निष्ठेचे गोडवे पुष्कळांनीं गाइले आहेत. पण दारच बंद असतां आंत राहणाऱ्याची निष्ठा मोजावी कशी?

खेळाडूंच्या संघटनेनें संपाची तयारी केली, तेव्हां जानेवारी १९६१ मध्यें ही मर्यादा उठली. त्या वेळीं ती वीस पौंड होती. लवकरच फुलम क्लबाच्या जॉनी हेन्सला आठवड्याचे शंभर पौंड मिळूं लागले. फिनीनें प्रेस्टनसाठीं खेळणें १९६० सालींच थांबविलें होतें.